एक्सपान्शनमधून मूळ नकाशावर परत कसं यायचं: नव्या खेळाडूंसाठी

ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशावर मोकळेपणी फिरता येणाऱ्या गेममध्ये नवा प्रदेश उघडला की तिकडे जायची वाट गेम स्वतःच दाखवतो. रेडिओवर हाक येते, कुणी पत्र आणून देतं, कुणी सरदार घोड्यावरून येऊन बरोबर घेऊन जातो. परतीचं मात्र कुणी काही सांगत नाही. मालवणात राहणारा माझा भाचा आणि त्याचे मित्र दर सुट्टीत मला फोन करतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "मामा, हय इलंय खरो, पण आता परत कसो जाव?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हा लेख.

एक्सपान्शन म्हणजे मूळ गेमला जोडून आलेला मोठा भाग. बहुतेक वेळा त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पोरं त्याला सरसकट डीएलसी म्हणतात. त्यात नवा नकाशा असतो, नवी माणसं असतात आणि शत्रू बहुधा मूळ गेमपेक्षा तगडे असतात. त्यामुळे तिथे पोचल्यावर परत यावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. कुणाची हत्यारं कमी पडतात, कुणाच्या मूळ कथेतल्या मोहिमा बाकी असतात, कुणाला सामान विकायला आपलंच ओळखीचं दुकान हवं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. परतीची रीत प्रत्येक गेमची वेगळी असते, आणि एका गेमची सवय दुसऱ्यात उपयोगी पडत नाही. म्हणून बटणं दाबत सुटण्याआधी आपला गेम कोणत्या तऱ्हेचा आहे ते ओळखा.

## निघण्याआधी हाताशी काय हवं

- एक्सपान्शनमध्ये शिरण्याआधीची एक वेगळी सेव्ह. ही कधीही पुसायची नाही.
- आत गेल्यावर स्वतः केलेली ताजी सेव्ह, दुसऱ्या स्लॉटमध्ये. ऑटोसेव्हवर विसंबू नका.
- चालू मोहिमांची यादी एकदा डोळ्यांखालून घातलेली.
- पाठीवरचं ओझं मर्यादेच्या आत. स्कायरिम आणि फॉलआउट ४ मध्ये वजन जास्त झालं की फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून एका उडीत दुसरीकडे जायची सोय, बंद पडतं.
- गेम आणि एक्सपान्शन दोन्हींचे अपडेट पूर्ण उतरवलेले. वाडीत रेंज ओट्यावरच येत असेल तर हे काम आदल्या रात्री फोनचं हॉटस्पॉट लावून उरकून घ्या.
- ज्या अकाउंटवर एक्सपान्शन विकत घेतलंय त्याचा मालक कोण, याचं उत्तर. हे क्षुल्लक वाटेल, पण सातव्या पायरीत त्यावर बरंच लिहिलं आहे.

## १. खरंच अडकलात का, ते आधी बघा

निम्म्या वेळा माणूस अडकलेला नसतोच, चुकीच्या क्षणी प्रयत्न करत असतो. लढाई चालू असताना बहुतेक गेम फास्ट ट्रॅव्हल करू देत नाहीत. शत्रू डोळ्यांना दिसत नसेल, पण त्याने तुम्हाला पाहिलेलं असेल तर गेमच्या लेखी लढाई चालूच असते. अशा वेळी थोडं लांब जा, आडोशाला थांबा, मग पुन्हा प्रयत्न करा.

दुसरं कारण म्हणजे गुहा, तळघर किंवा इमारतीच्या आत असणं. एल्डन रिंगमधल्या लहान गुहांत आणि भुयारी थडग्यांत तिथला बॉस, म्हणजे तिथला मुख्य बलाढ्य शत्रू, मारेपर्यंत नकाशावरून दुसरीकडे जाता येत नाही. अशा ठिकाणी चालत तोंडापर्यंत या आणि उघड्यावर आल्यावर नकाशा उघडा.

तिसरं कारण म्हणजे एखादा प्रसंग अर्धवट असणं. कुणी तुमच्याशी बोलत असेल किंवा कुणाला सोबत घेऊन चालला असाल, तर तेवढं पुरं करा. नव्या प्रदेशातली सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं बहुतेक अशीच बांधलेली असतात. त्या वेळात परतीचा विचार सोडून गेम नेईल तिकडे जा.

## २. परतीची तऱ्हा ओळखा

माझ्या पाहण्यात चार तऱ्हा आहेत.

पहिली नकाशाची. नकाशा उघडायचा, प्रदेश बदलायचा, ठिकाण निवडायचं. विचर ३ आणि एल्डन रिंग या तऱ्हेतले.

दुसरी धक्क्याची. आलात तिथूनच परत जायचं, म्हणजे बोट, रेल्वे किंवा दार गाठायचं. हे दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखं आहे. खाडी कुठूनही दिसते, पण गाडी घेऊन पलीकडे जायचं तर धक्क्यावरच यावं लागतं. स्कायरिम आणि फॉलआउट ४ इथे येतात.

तिसरी अटीची. ठरावीक मोहीम संपेपर्यंत दार बंद, नंतर कायमचं मोकळं.

चौथी एकेरी. कथा संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत नाही. फॉलआउट: न्यू वेगसमधला डेड मनी हा भाग असा आहे. नव्या खेळाडूने सगळ्यात जास्त सावध राहायचं ते इथे.

काही गेममध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. होरायझन झीरो डॉनच्या द फ्रोझन वाइल्ड्समधला बर्फाळ डोंगराळ भाग मूळ नकाशाच्या उत्तरेला जोडलेला आहे. चालत जायचं, चालत यायचं.

## ३. नकाशावरून परत: विचर ३ आणि टूसाँ

हा गेम जरा सविस्तर घेतो, कारण सगळ्यात जास्त फोन याच्यासाठीच येतात. जुन्या पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर चालतो, सेलमध्ये स्वस्तात मिळतो, म्हणून आपल्याकडे पुष्कळांकडे आहे.

मूळ गेम २०१५ चा. ब्लड अँड वाइन हे त्याचं दुसरं आणि मोठं एक्सपान्शन मे २०१६ मध्ये आलं. त्यात टूसाँ नावाचा द्राक्षमळ्यांचा, वाइनचा आणि सरदारांचा अख्खा नवा प्रदेश आहे. मूळ नकाशातल्या वेलेनमध्ये तिथले दोन सरदार गेराल्टला, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाला, बोलवायला येतात. त्यांच्याशी बोलून जायला होकार दिलात की तुम्ही थेट टूसाँमध्ये. गेम या मोहिमेसाठी ३४ वी लेव्हल सुचवतो. त्याच्या बऱ्याच खाली असताना गेलात तर पहिल्याच राक्षसाशी झुंजताना जीव मेटाकुटीला येतो.

परतीचे टप्पे असे:

अ) सुरुवातीचे प्रसंग संपू द्या. राक्षसाशी लढाई, मग सरदारांबरोबर पुढचा प्रवास. गेराल्ट मोकळा झाला आणि घोडा तुमच्या ताब्यात आला की पुढे बघा.

आ) नकाशावर जवळची दिशादर्शक पाटी शोधा. रस्त्याच्या फाट्यावर, गावाच्या वेशीवर लाकडी खांबाला बाण ठोकलेले असतात, तीच. तुम्ही जिच्या जवळून गेला आहात ती पाटी नकाशावर उघडलेली दिसते.

इ) घोड्यावरून त्या पाटीपाशी जा. हे टाळता येत नाही. शेतात उभं राहून नकाशा उघडलात तर सगळी ठिकाणं दिसतील, पण निवडून काही होणार नाही. भाच्याच्या एका मित्राला गेमच बिघडलाय असं वाटलं आणि त्याने तो काढून परत टाकला. एवढ्या मोठ्या फाइली मोबाइल डेटावर पुन्हा उतरवायला त्याला दोन रात्री लागल्या. गेम धडधाकट होता, तो फक्त पाटीजवळ उभा नव्हता.

ई) पाटीशी बटण दाबलं की नकाशा उघडतो. टूसाँचा नकाशा लहान करत जा, म्हणजे झूम बाहेरच्या दिशेने. शेवटी सगळ्या प्रदेशांचा जगाचा नकाशा येतो. कोणतं बटण ते कंट्रोलरप्रमाणे बदलतं, पण स्क्रीनच्या तळाशी लिहिलेलं असतं. तळाच्या त्या ओळीकडे नवे खेळाडू बघतच नाहीत आणि अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथेच असतात.

उ) वेलेन-नोव्हिग्राड, व्हाइट ऑर्चर्ड, स्केलिगे, केर मोरहेन यांपैकी हवा तो प्रदेश निवडा. मूळ कथेत जिथवर पोचला असाल तेवढेच उघडे असतील. स्केलिगेला अजून एकदाही गेला नसाल तर ते इथून उघडणार नाही. त्यासाठी नोव्हिग्राडच्या बंदरात कप्तानाला १००० क्राउन देऊन पहिली फेरी करावी लागते. पुढच्या फेऱ्यांना पैसे पडत नाहीत.

ऊ) त्या प्रदेशातली उघडलेली पाटी निवडा आणि हो म्हणा. थोडा वेळ लोडिंग, मग तुम्ही वेलेनमध्ये. शीळ घातली की रोच, म्हणजे घोडा, तिथेही येतो. त्याला मागे सोडून आलो अशी काळजी नको.

टूसाँला पुन्हा जायचं असेल तेव्हाही हीच रीत, फक्त उलट दिशेने. वेलेनमधल्या पाटीवरून जगाचा नकाशा, त्यात टूसाँ.

आता यातले फसायचे प्रसंग.

परत आल्यावर "खुणेचा ठिपका दिसत नाही, आता कुठे जाऊ" असं हमखास विचारलं जातं. तुम्ही अजून टूसाँचीच मोहीम ट्रॅक करत असता, म्हणून गेम तुम्हाला पुन्हा तिकडेच बोलावतो. मोहिमांच्या यादीत जा, मूळ कथेतली मोहीम निवडा, ती ट्रॅकवर घ्या. ठिपका लगेच येतो.

सामानाचीही काळजी असते. टूसाँमध्ये गेराल्टला कॉर्व्हो बियांको नावाचा मळा आणि घर मिळतं. तिथल्या पेटीत ठेवलेलं सामान बाकीच्या प्रदेशांतल्या पेट्यांतही मिळतं, कारण सगळ्या पेट्या आतून एकच आहेत. त्यामुळे पेटी रिकामी करून सगळं अंगावर वाहून आणायची गरज नाही.

तिसरी गोष्ट नवीन गेम सुरू करतानाची. विचर ३ मध्ये थेट ब्लड अँड वाइनपासून सुरुवात करायचा पर्याय आहे. त्यात तयार, ताकदवान गेराल्ट मिळतो. पण ही सुरुवात फक्त एक्सपान्शन खेळणाऱ्यांसाठी आहे. मूळ कथा खेळायची असेल तर हा पर्याय निवडू नका. परत येऊन जी कथा शोधाल, ती या सुरुवातीत नाहीच.

एल्डन रिंगचं त्यामानाने सोपं आहे. शॅडो ऑफ द एर्डट्री जून २०२४ मध्ये आलं. आत जाण्यासाठी राडान आणि मोग हे दोन बॉस आधी मारलेले असावे लागतात, मग मोगच्या जागी असलेल्या कोशातून बाहेर आलेल्या हाताला स्पर्श करायचा. जाणं असं कष्टाचं आणि येणं दोन बटणांचं. नकाशा उघडा, नकाशा बदलायचं बटण तळाच्या ओळीत बघा, मूळ भूमीचा नकाशा घ्या आणि कोणतीही साइट ऑफ ग्रेस, म्हणजे विसाव्याची उजळ जागा, निवडा. हत्यारं पक्की करायला यायचं असेल तर राउंडटेबल होल्ड घ्या, लोहार ह्यू तिथेच बसतो.

मात्र निघण्याआधी एक बघा: मरताना तुमचे रून्स (या गेममधलं चलन) कुठे सांडलेत का? ते त्या जागीच पडून राहतात. मूळ भूमीत येऊन पुन्हा मेलात की कायमचे गेले. आधी उचला, मग निघा. आणि स्कॅड्यूट्रीच्या तुकड्यांनी आलेली जादा ताकद फक्त त्या छायाभूमीत, म्हणजे एक्सपान्शनच्या प्रदेशातच लागू पडते. मूळ भूमीत आल्यावर आपण एकदम दुबळे का झालो असं वाटलं तर ते त्यामुळे.

एल्डन रिंगमध्ये स्वतः सेव्ह करायची सोय नाही. एका पात्राची एकच सेव्ह आणि ती गेमच करतो. म्हणून वरच्या यादीतली "जुनी सेव्ह वेगळी ठेवा" ही सूचना इथे जशीच्या तशी पाळता येत नाही. बंद करताना मेनूतून बाहेर पडा, कन्सोलचं बटण दाबून नको.

## ४. धक्का गाठायचे गेम

स्कायरिममधलं ड्रॅगनबॉर्न एक्सपान्शन सोल्स्थाइम बेटावर घडतं. विंडहेल्मच्या धक्क्यावरून नॉर्दर्न मेडन नावाचं जहाज तुम्हाला रेव्हन रॉकला नेतं. परतायचं असेल तर रेव्हन रॉकच्या धक्क्यावर उभं असलेलं तेच जहाज गाठा आणि कप्तान ग्यालुंडशी बोला. तो जहाजावर नाही तर आसपास असतो. थोडे पैसे खिशात राखून ठेवा. बेटाच्या आतल्या आत फास्ट ट्रॅव्हल चालतं, त्यामुळे बेटावर कुठेही असलात तरी रेव्हन रॉकला एका उडीत येता येतं.

याच एक्सपान्शनमध्ये अपोक्रिफा नावाची जागा आहे. हिरवट आभाळ, काळं पाणी, पुस्तकांचे ढिगारे. काळं पुस्तक वाचलं की तुम्ही तिथे ओढले जाता. तिथून बाहेर यायला दार शोधू नका, दार नाहीच. सामानाची यादी उघडा, ज्या काळ्या पुस्तकातून आलात तेच पुन्हा वाचा, पूर्वीच्या जागी परत याल. एक पुतण्या तासभर त्या बोगद्यांतून फिरत होता आणि पुस्तक सगळा वेळ त्याच्याच पिशवीत होतं.

फॉलआउट ४ चं फार हार्बर हेही बेटच. नाकानो कुटुंबाच्या घरामागच्या बोटीने जाता, फार हार्बर गावाच्या धक्क्यावर उतरता. तिथे उतरल्याबरोबर गावाच्या तटावर एक लढाई होते, ती संपवा. नंतर धक्क्यावरच्या त्याच बोटीने कधीही परत. बेटावर किरणोत्सर्गी धुकं आहे, तेव्हा परतीच्या वाटेसाठी औषधं शिल्लक ठेवा.

याच गेममध्ये सर्व्हायव्हल पातळीवर खेळत असाल तर नकाशावरून फास्ट ट्रॅव्हल मुळीच नाही आणि झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. गेममधून बाहेर पडताना एक सेव्ह होते, तेवढीच. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला असाल तर सगळी वाट पायी. नव्या माणसाने पहिल्यांदा एक्सपान्शन खेळताना ही पातळी निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

## ५. अट पुरी होईपर्यंत बंद

फॉलआउट ४ चंच न्यूका-वर्ल्ड. मोनोरेलने आत जाता आणि लगेच सापळ्यांच्या लांबलचक वाटेवर अडकता. ती वाट पार करून कोल्टर नावाच्या म्होरक्याला हरवेपर्यंत बाहेर पडता येत नाही. त्यामुळे मोनोरेलमध्ये बसण्याआधीच गोळ्या आणि औषधं भरून घ्या. एकदा कोल्टर पडला की मोनोरेलने हवं तेव्हा येणं-जाणं मोकळं.

सायबरपंक २०७७ चं फँटम लिबर्टी २०२३ मध्ये आलं. त्यातलं डॉगटाउन हे नाइट सिटीच्याच पोटातलं, भिंतीने वेढलेलं. आत शिरल्यावर राष्ट्राध्यक्ष मायर्स यांना वाचवण्याच्या पहिल्या मोहिमा सलग कराव्या लागतात, तोवर भिंतीबाहेर जाता येत नाही. त्या संपल्यावर दरवाजातून गाडीने बाहेर या किंवा डेटाटर्मपाशी, म्हणजे रस्त्यावरच्या फास्ट ट्रॅव्हलच्या यंत्रापाशी, जाऊन फास्ट ट्रॅव्हल करा. विचरच्या पाटीसारखाच नियम इथेही आहे, डेटाटर्मसमोर उभं राहावं लागतं.

न्यू वेगसचं ओल्ड वर्ल्ड ब्लूज याच तऱ्हेचं. कथा संपेपर्यंत बंद. संपल्यावर एक यंत्र हातात येतं आणि त्याने कधीही ये-जा करता येते. लोन्सम रोडमध्ये मात्र पहिल्यापासूनच मोकळीक आहे, मधूनच परत या, पुन्हा जा.

## ६. एकेरी वाटा

न्यू वेगसमधले डेड मनी आणि ऑनेस्ट हार्ट्स हे भाग घ्याल तेव्हा आत शिरण्याआधी गेम स्वतः एक सूचना दाखवतो. ती पोरं न वाचताच पुढे जातात. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की कथा संपेपर्यंत परत येता येणार नाही.

डेड मनीमध्ये सिएरा माद्रे नावाच्या कॅसिनोत शिरताना तुमच्याकडचं सगळं सामान काढून घेतलं जातं. ते शेवटी परत मिळतं, तेव्हा घाबरू नका, पण आतली लढाई आत सापडेल त्याच सामानावर. शेवटी तिजोरीत ३७ सोन्याच्या विटा आहेत आणि एकेका विटेचं वजन ३५ पौंड. म्हणजे गेराल्ट काय किंवा न्यू वेगसचा नायक कुरिअर काय, कुणाच्याही पाठीला न पेलणारं ओझं. नवा खेळाडू इथे हटकून अडकतो. सगळ्या विटा उचलतो, मग पळता येत नाही, आणि बाहेर पडायची वेळ निघून जाते. तिजोरीत शिरण्याआधी वेगळी सेव्ह करा. जेवढ्या विटा घेऊन धावता येईल तेवढ्याच घ्या. एकदा बाहेर आलात की सिएरा माद्रेचं दार पुन्हा उघडत नाही, त्यामुळे आतल्या इतर वस्तू आधीच गोळा करा.

ऑनेस्ट हार्ट्समध्ये झायन खोऱ्यात जाताना ओझ्यावर मर्यादा असते, साधारण ७५ पौंड. जास्तीचं सामान ठेवूनच जावं लागतं. संपवून परत आलात की खोऱ्यात पुन्हा जाता येतं, म्हणजे हा भाग खरा तिसऱ्या तऱ्हेचा. तरी तिथल्या बारीकसारीक मोहिमा उरकूनच शेवटच्या मोहिमेला हात घाला.

## ७. चाकरमान्याची डिस्क आणि अकाउंट

हे गेममधलं नाही, पण कोकणात परतीची अडचण सगळ्यात जास्त इथूनच येते.

गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ येतो. त्याच्या अकाउंटवर एक्सपान्शन घेतलेलं असतं. तो गावातल्या कन्सोलवर लॉगिन करून देतो, सगळे मिळून खेळतात, गौरी-गणपतीचं विसर्जन होतं, भाऊ गाडी पकडून परत. दोन दिवसांनी गेम उघडावा तर एक्सपान्शनला कुलूप आणि तुमचं पात्र टूसाँच्या द्राक्षमळ्यात उभं. सेव्ह उघडतच नाही, किंवा सामग्री सापडत नाही असा संदेश येतो.

हे टाळण्यासाठी:

पीएस ४ वर ज्या अकाउंटने एक्सपान्शन घेतलंय त्याचं ते कन्सोल प्रायमरी असेल, तरच त्या कन्सोलवरच्या इतरांना ते वापरता येतं. पीएस ५ वर याच सोयीचं नाव कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले असं आहे. एक्सबॉक्सवर होम एक्सबॉक्स. एका अकाउंटला एका वेळी असं एकच कन्सोल मिळतं, त्यामुळे भावाचं प्रायमरी मुंबईच्या घरी असेल तर गावात ते चालणार नाही. तो असेपर्यंतच चालेल.

म्हणून अकाउंटचा मालक निघायच्या आदल्या रात्री हे करा: आपलं पात्र मूळ प्रदेशात परत आणा आणि वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. त्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे एक्सपान्शन टाकण्याआधीची सेव्ह जपून ठेवणं. काही गेम एक्सपान्शन असताना केलेली सेव्ह, पात्र कुठेही असो, एक्सपान्शनशिवाय उघडायला कुरकुर करतात. बेथेस्डा कंपनीचे गेम (स्कायरिम, फॉलआउट ४) तर जुनी सामग्री आता नाही असा इशारा देऊन विचारतात, पुढे जाऊ का. तिथे हो म्हणालात तर आधी नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, जुनीवर नको.

खेळताना नेहमी स्वतःचं वेगळं यूजर प्रोफाइल करा. प्लेस्टेशनची सेव्ह अकाउंटला बांधलेली असते. भावाच्या प्रोफाइलवर खेळलात तर प्रगतीही भावाचीच. पीएस ४ ची सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येते, ती घेऊन ठेवा. पीएस ५ च्या गेमची मात्र पेनड्राइव्हवर घेता येत नाही, तिथे फक्त क्लाउड, आणि क्लाउडला पीएस प्लसचं सदस्यत्व लागतं. पीसीवर विचर ३ च्या सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या द विचर ३ फोल्डरच्या गेमसेव्ह्ज या फोल्डरात असतात. तो फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की काम झालं.

आणखी एक गोष्ट रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो, कारण आपली कितीतरी माणसं आखातात आहेत. काकाने दुबईहून किंवा मस्कतहून पीएस ४ ची डिस्क आणली आणि तुम्ही भारतीय अकाउंटवर एक्सपान्शन घेतलं, तर दोन्हींचा प्रदेश जुळेलच असं नाही. डिस्कच्या प्रदेशाचंच एक्सपान्शन तिला चालतं. डिस्कच्या कडेला सीयूएसए या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, स्टोअरमधल्या गेमच्या कोडशी तो आधी ताडून बघा. अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही, त्यामुळे पैसे भरण्याआधीच हे बघायचं.

## ८. लाईट गेली तर

पावसाळ्यात खेळत असाल तर प्रदेश बदलण्याआधी आणि बदलल्यावर, दोन्ही वेळा सेव्ह करा. सेव्ह लिहिली जात असतानाच लाईट गेली तर ती फाइल बिघडू शकते, म्हणून एकाच स्लॉटवर पुन्हा पुन्हा लिहू नका. तीन स्लॉट आळीपाळीने वापरा. कन्सोल रेस्ट मोडवर ठेवून झोपू नका. रात्री लाईट गेली तर ते चालू कन्सोलची वायर ओढल्यासारखंच होतं. घरच्या इन्व्हर्टरवर लाईट बदलताना पीसी रीस्टार्ट होत असेल तर एक छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपवाल्यांना ही चिंता नाही.

## ९. काहीच चालत नसेल तर

आधी गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि शेवटची ऑटोसेव्ह सोडून त्याआधीची उघडा. बऱ्याचदा एखादा प्रसंग नीट संपलेला नसतो आणि जुन्या सेव्हवरून तो पुन्हा खेळला की वाट मोकळी होते.

तरीही झालं नाही तर मोहिमांच्या यादीत एक्सपान्शनची मुख्य मोहीम ट्रॅकवर घेऊन एक टप्पा पुढे जा. तिसऱ्या तऱ्हेचे गेम असेच उघडतात. मागे ढकलून उपयोग नसतो, पुढे जावं लागतं.

पीसीवर बेथेस्डाचा गेम असेल तर आणखी एक उपाय आहे. एस्केपच्या खालची, एकच्या डावीकडची कळ दाबली की कमांड लिहायची पट्टी उघडते. स्कायरिममध्ये तिथे इंग्रजीत सी-ओ-सी, मग जागा सोडून रिव्हरवुड असं टाइप करून एंटर दाबलं की तुम्ही थेट रिव्हरवुडात येता. कन्सोलवर हे नाही. ही पळवाट वापरली तर चालू मोहिमेचा एखादा टप्पा गेमच्या नोंदीत अर्धवट राहू शकतो, म्हणून पोचल्याबरोबर जुन्या सेव्हवर लिहू नका. नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, दोन-तीन मोहिमा खेळून सगळं नीट चालतंय याची खात्री करा, आणि तोवर जुनी सेव्ह राहू द्या.